पाचट अंथरा, पुरू नका

प्रश्न : आमची विहिरीलगत 12 गुंठ्यांची भाजीची पट्टी आहे. टोमॅटो, मिरची, वांगी आणि कडेला मेथी-कोथिंबीर करते. माल आठवडे बाजारात मीच बसून विकते. विहिरीला शिमग्यापर्यंत पाणी बरं असतं, पुढे मोटर दिवसाआड जेमतेम तासभर चालते. सगळं पाटपाणी. खुरपणीला बाई 300 रुपये रोजाखाली येत नाही आणि नेमक्या गरजेच्या आठवड्यात तर मिळतच नाही. गेल्या डिसेंबरात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, वापरून बघितलं. अर्धं रोटर मारून मातीत मिसळलं, अर्धं वर पसरलं आणि लगेच रोपं लावली. महिन्याभरात रोपं पिवळी पडली, वाळवी लागली, आणि लव्हाळा पाचटातून वर यायचा तो आलाच. यंदा मालक म्हणतात मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद, आणू. सासूबाई म्हणतात, कागद घालून जमिनीचा जीव कोंडू नका. मी मधल्यामधे. काय करावं?
— एक वाचक भगिनी, कोरेगाव तालुका, जि. सातारा

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं. ‘अर्धं रोटर मारून मातीत मिसळलं.’ सगळा घोटाळा तिथे झालाय. पाचट जाळू नका, शेतातच कुजवा असं सगळीकडे सांगतात आणि ते बरोबरच आहे, तुम्ही तेच ऐकून केलं असणार. पण उसाच्या रानात पाचट कुजायला वर्षभर मिळतं. तुमच्या टोमॅटोला हातात चार महिने.

वाळलेलं पाचट म्हणजे मातीतल्या जिवाणूंच्या ताटात वाढलेली नुसती भाकरी. कर्ब रग्गड, नत्र नावाला. नुसती भाकरी घशाखाली उतरत नाही, मग ते कालवण मातीतून ओढतात, आणि ते कालवण म्हणजे तुम्ही रोपांसाठी घातलेला नत्र. पाचट मातीत मिसळलं की भाकरी आणि मुळं एकाच ताटात येतात. जिवाणू संख्येनं जास्त आणि हाताला चपळ. रोप उपाशी राहतं.

आठवून बघा, खालची जुनी पानं आधी पिवळी पडली आणि शेंडा त्यामानानं हिरवा राहिला होता का? नत्राची उपासमार तशीच दिसते. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं असतं, तर मी लोहाबद्दल बोलले असते.

हेच पाचट नुसतं वर अंथरलं तर कुजण्याचं काम मातीला टेकलेल्या पातळ थरात चालतं. मुळं त्याच्या खाली. त्यांच्या कालवणाला सहसा कुणी हात लावत नाही. आणि गेल्या वर्षी ओढला गेलेला नत्र काही पळून गेला नाही. पाचट कुजलं की तो मातीला परत मिळतो. ते वाफे यंदा बाकीच्यांपेक्षा जोमदार दिसले तर ते गेल्या वर्षीचंच येणं समजा.

दुसरी गोष्ट वेळेची. डिसेंबरात रोप लावायच्या आधीच पाचट पडलं, म्हणजे माती दिवसाही गार राहिली. थंडीत रोपाला पहिले पंधरा दिवस ऊन लागून ऊब मिळायला हवी. थंडीच्या लागणीत आधी रोप धरू द्यावं आणि मग अंथरावं. उन्हाळी लागणीत मात्र जास्त दिवस थांबू नये.

आता मी कसं करते ते सांगते. रोप लावून आठ-दहा दिवस जातात, नवं पान फुटतं. तोवर बारीक तणाचा पहिला हिरवा लेप येतोच. तेव्हा एकदा मनापासून खुरपणी करायची. ही खुरपणी चुकवून वर पाचट ढकललं तर दोन-दोन इंचाचं तण पंधरा दिवसांत पाचट उचलून वर येतं, मग ना धड खुरपता येत ना धड काढता येत. खुरपणी झाली की भरपूर पाणी द्यायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की अंथरायचं. कोरड्या मातीवर आच्छादन टाकणं म्हणजे रिकाम्या डब्याला झाकण लावणं.

थर चार बोटांचा, म्हणजे तीन-चार इंच. दोन इंचांत ऊन आत शिरतं आणि तण हसत वर येतं. सहा इंच केलं तर वरून आलेला हलका पाऊस पाचटच पिऊन टाकतं. बुंध्याभोवती मात्र मूठभर गोल मोकळा ठेवायचा. पाचट बुंध्याला टेकलं की तिथे ओल धरते, साल मऊ पडते आणि एके दिवशी हिरवंगार रोप मान टाकतं. आपण मर रोग म्हणून औषध शोधत बसतो.

पाचट लांब असेल तर रोपांमधे नीट बसत नाही. कडबा कुट्टीतून काढून तुकडे करा आणि ते रोपांजवळ वापरा. सरीत मात्र लांबच टाका, एकमेकांत अडकून राहतं आणि वाऱ्यानं उडत नाही. हे काम करताना बाह्या खाली घ्या आणि डोक्याला फडकं बांधा. उसाची कूस किती बोचते ते तुम्हाला मी सांगायला नको.

किती पाचट लागेल? माझा ढोबळ हिशेब असा, की चार बोटं थराला गुंठ्याला दीडशे ते दोनशे किलो जातं. उसाच्या एका हेक्टरातून 8 ते 10 टन पाचट निघतं, म्हणजे गुंठ्याला साधारण 80 ते 100 किलो. भाजीच्या एका गुंठ्याला दोन गुंठे उसाचं पाचट धरा. दोन महिन्यांत थर बसून निम्म्यावर येतो, तेव्हा वरून टाकायला थोडं शिल्लक ठेवा.

वर अंथरलं तरी थोडा नत्र द्यायला हरकत नाही. पाचट कुजवण्यासाठी टनाला 8 किलो युरिया आणि 10 किलो सुपर फॉस्फेट असा जो हिशेब सांगतात, त्यानं तुमच्या गुंठ्याला दीड किलोच्या आसपास युरिया आणि दीड-दोन किलो सुपर फॉस्फेट पुरे. पानांवर पडू न देता पाचटावर विसकटा आणि लगेच पाणी द्या. सासूबाईंना युरिया चालत नसेल तर शेणाची पातळ स्लरी शिंपडा. आणि त्याहून सोपं म्हणजे बांधावरचं गिरीपुष्प. त्याच्या कोवळ्या फांद्या पाचटावर पसरल्या की भाकरीवर कालवण आपोआप पडतं. बांधावर नसेल तर येत्या पावसाळ्यात फाटे लावून टाका, फुकटचा नत्र आहे. गाजर गवतही चालतं, पण फुलं यायच्या आधी उपटलेलं, आणि हातमोजे घालून.

वाळवीचं थोडक्यात. वाळवी कोरड्यात येते आणि आधी मेलेलं, वाळलेलं खाते. माती कोरडी, पाचट कोरडं, त्यात अर्धकच्चं शेणखत आणि सगळं बुंध्याला टेकलेलं असलं, की ती खात खात रोपापर्यंत पोचते. तुम्ही शेणखताचं लिहिलं नाहीत, पण डिसेंबरात घाईनं लागण केलीत म्हणजे उकिरड्याचं वरचं कच्चं खत गेलं असण्याची शक्यता मला दाट वाटते. कच्च्या शेणानं मुळं खाणारी हुमणीची अळीही येते. खत हातात घेऊन बघा, शेणाचा वास येत असेल तर ते अजून खत झालेलं नाही.

आता पाणी. तुमच्याकडे पाटपाणी आहे हे महत्त्वाचं, कारण आच्छादनावरचं बहुतेक लिखाण ठिबक धरून केलेलं असतं. सगळ्याच सऱ्यांत पाचट भरलं तर पाणी पुढे सरकत नाही, पाचट तरंगून एका टोकाला बांध घालतं आणि तुम्ही फावडं घेऊन पळता. उसवाल्यांची जुनी युक्ती भाजीलाही चालते. एक सरी पाण्याची, एक सरी पाचटाची. पाचटाची सरी गच्च भरून टाकायची, तिच्यात पाणी सोडायचंच नाही. प्रत्येक वरंब्याला एका बाजूनं पाणी मिळतं आणि मध्यम ते भारी मातीत ते पाझरून पलीकडच्या मुळाला पोचतं. वरंब्याच्या माथ्यावर कुट्टी केलेलं पाचट. निम्म्याच सऱ्या भिजवायच्या म्हटल्यावर तासाभराच्या मोटरीत किती जास्त रान ओलं होतं ते तुम्हीच बघाल. जमीन मुरमाड असेल तर हे जमणार नाही, पाणी आडवं न जाता सरळ खाली जातं.

यात एक चूक जवळजवळ सगळे करतात, मीही केली. आच्छादन टाकलं पण पाण्याचा वार तोच ठेवला. दर चौथ्या दिवशी द्यायची सवय, म्हणून चौथ्या दिवशी दिलं. वरचं पाचट कोरडं खडखडीत दिसत होतं ना! खाली चिखल झाला होता, मिरचीची मुळं काळी पडायला लागली तेव्हा कळलं. तेव्हापासून वार बघत नाही, हात घालते. पाचट बाजूला सारून चार बोटं खोलवरची माती काढायची आणि मुठीत दाबायची. गोळा होऊन हाताला चिकटली तर ओल जास्त आहे. गोळा झाला आणि अंगठ्यानं टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे, पाणी नको. गोळाच होईना, तर मोटर चालू करा. माझ्याकडे फेब्रुवारीत चौथ्या दिवसाचं पाणी सातव्या दिवसावर गेलं. तुमच्या मातीत पाचव्यावर जाईल किंवा आठव्यावर, ते मूठ सांगेल.

सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीत चार खांब सांगितलेत : बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा. लोक पिंपात जीवामृत ढवळत बसतात, आणि उरलेले जे दोन जवळजवळ फुकट आहेत त्यांच्याकडे लक्ष कमी. असो.

उन्हाळ्यात एकदा करून बघाच. एप्रिलच्या दुपारी दोन वाजता उघड्या वाफ्यावर तळहात टेकवा. पाच आकडे मोजेपर्यंत उचलावा लागतो. मग तोच हात शेजारच्या पाचटाखाली घाला. माठाच्या बुडाशी हात लावल्यासारखं वाटतं. वरच्या दोन-तीन इंचांत भाजीची बारीक पांढरी मुळं असतात, ती उघड्या वाफ्यात त्या वेळी अक्षरशः भाजत असतात. पाणी दिलं तरी दुपारी टोमॅटोची पानं का मलूल पडतात याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

आता लव्हाळा. याच्याबद्दल कुणी ठाम आश्वासन दिलं तर विश्वास ठेवू नका. बी पासून येणारं तण, म्हणजे घोळ, माठ, केना, पाचटाखाली बऱ्यापैकी दबतं, कारण बारक्या बियांतल्या अंकुराकडे वर यायची शिदोरीच नसते. लव्हाळ्याच्या खाली गाठ आहे, गाठीत महिन्यांची शिदोरी आहे आणि शेंडा सुईसारखा टोकदार. तो पाचटातून येतो आणि दाजींना सांगा, 30 मायक्रॉन जाडीच्या पेपरलाही भोक पाडून येतो. मी असा पेपर बघितलाय, वरून चाळणीसारखा. तेव्हा केवळ लव्हाळ्यासाठी पेपर आणणार असाल तर ते पैसे वाया जातील. हरळीही कडेनं आत शिरते.

आणि इथे रोटर परत येतो. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. माळ सलग असते तोवर पुष्कळ गाठी झोपलेल्या राहतात. रोटरनं माळ तुटली की एकेक गाठ सुटी होते, जागी होते आणि पात्यांना लागून पुढच्या वाफ्यात जाऊन पडते. ज्या पट्टीत लव्हाळा आहे तिथे रोटर बंद. उन्हाळ्यात नांगरट करून ढेकळं उलटी पडू द्या, गाठी उन्हात सुकल्या की मरतात, आणि दिसतील तेवढ्या वेचून बांधावर नाही, घरी आणून जाळा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. त्या भागात पावसाळ्यात दाट ताग पेरा, दीड महिन्यानं फुलोऱ्याच्या सुमारास कापा आणि गाडायचा मोह टाळून तिथेच अंथरा. एका वर्षात लव्हाळा संपणार नाही, पण वाफ्यातली त्याची दाटी कमी होते. पाचटाखालची माती भुसभुशीत असते, त्यामुळे उरलेला गाठीसकट उपटून येतो. उगवल्यापासून तीन आठवड्यांच्या आत उपटा, नव्या गाठी धरायच्या आधी.

दाजींच्या पेपरकडे येते. मी पेपरच्या विरोधात नाही. महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर तो असतोच, आणि मिरचीला त्याचा एक फायदा पाचटात मिळत नाही. रुपेरी बाजू वर ठेवली की उजेड उलटून पानांच्या खालून पडतो, आणि फुलकिडे, पांढरी माशी सुरुवातीच्या दिवसांत बिचकतात. बोकड्यानं, म्हणजे पानं चुरडण्याच्या रोगानं, तुमची मिरची जात असेल तर हा फायदा मोठा आहे. काळी बाजू खाली, म्हणजे तणाला उजेड नाही. पावसाचे शिंतोडे मातीवरून उडून टोमॅटोच्या खालच्या पानांना लागत नाहीत, त्यामुळे करपाही उशिरा येतो. हे काम पाचटही करतं बरं का.

पण तुमच्याकडे ठिबक नाही. पेपरखाली आधी नळी अंथरावी लागते, आणि एकदा पेपर पडला की खतही त्या नळीतूनच विद्राव्य स्वरूपात जातं. म्हणजे दाजींनी पेपरचा भाव विचारलाय, पण खर्च ठिबक, फिल्टर, नळीत खत ओढणारी व्हेंचुरी आणि विद्राव्य खतांचा आहे. पेपरचा हिशेब सोपा आहे. चार फूट रुंद, 400 मीटरचा रोल येतो. वाफ्यापासून वाफा पाच फूट धरला तर एक रोल बरोबर सहा गुंठ्यांना पुरतो. तुमच्या 12 गुंठ्यांना दोन. भाजीला 25 ते 30 मायक्रॉन वापरतात. विकत घेताना रोल वजनकाट्यावर ठेवायला लावा. 30 मायक्रॉनचा त्या मापाचा रोल 13 किलोच्या आसपास भरायला हवा. मला एकदा 30 म्हणून दिलेला रोल घरी येऊन तोलला तर 9 किलो भरला, तो दोन महिन्यांत उन्हानं पापडासारखा तुटायला लागला. त्याचे तुकडे मी अजून वेचते आहे. घ्यायचाच झाला तर एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून प्लास्टिक आच्छादनाला ठरलेल्या खर्चाच्या मर्यादेत 50 टक्के अनुदान असतं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करायची. आधी आणून मग अर्ज केला तर बिल हातात नाचवत बसावं लागतं.

पेपरवरची माझी फजितीही ऐका. एका वर्षी पाडव्यानंतर मिरची लावली. दुपारी पेपर ताणला, तापवलेल्या पायपानं भोकं पाडली, संध्याकाळी रोपं लावून मोकळी झाले. दोन दिवसांनी दुपारी रानात गेले तर ओळीच्या ओळी कलंडलेल्या. पाण्याची कमी नव्हती. पेपरखाली तापलेली हवा बाहेर यायला ते एकच भोक, आणि त्या भोकात माझं रोप. बुंध्याला पेपर टेकला होता तिथे दोऱ्यानं आवळल्यासारखी करपलेली रेघ. तिसरा हिस्सा रोपं गेली. तेव्हापासून भोक चांगलं दोन-अडीच इंचाचं पाडते, लागणीआधी ठिबकनं वाफा गच्च भिजवून गरम वाफ निघून जाऊ देते, आणि रोप लावलं की भोकात मूठभर माती टाकून पेपर बुंध्यापासून दूर बसवते. पेपर टाकायच्या आधी ठिबक चालवून प्रत्येक ड्रीपर थेंब टाकतो का ते बघायचं. नंतर बंद पडलेला ड्रीपर कळतो तो मेलेल्या रोपावरूनच.

सासूबाई म्हणतात जमिनीचा जीव कोंडतो. एका हंगामात जमीन मरत नाही, पेपरखालीही गांडुळं दिसतात. तरी त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. पेपरखाली जमिनीला नवं काहीच खायला मिळत नाही आणि वळवाचा पाऊस भोकांपुरताच आत जातो. शिवाय हंगाम संपल्यावर तुमच्या 12 गुंठ्यांतून 25-26 किलो प्लास्टिक उचलून बाहेर काढायचंय, तेही वेल-झाडांच्या मुळांत गुंतलेलं. बांधावर पेटवायचं नाही, नांगरटीत गाडायचं नाही. भंगारवाला मातीनं भरलेलं घेत नाही, झटकून, धुवून द्यावं लागतं. हे काम कोण करणार ते पेपर आणायच्या आधी घरात ठरू द्या. बहुतेक घरांत ते कोण करतं, ते तुम्हाला नि मला दोघींना माहीत आहे.

म्हणून यंदा माझं मत असं. पेपर नको. पैसे हातात असतील तर ते तीन-चार गुंठे मिरचीच्या ठिबकला घाला, ठिबक पाचटाखालीही तितकंच कामाचं. पुढच्या वर्षी बोकड्याचा त्रास बघून तेवढ्या मिरचीवर पेपर घालायचा का ते ठरवा. टोमॅटो, वांग्याला पाचट, एक आड सरीनं. लव्हाळ्याचा कोपरा उन्हाळ्यात तापवा, पावसाळ्यात ताग. मेथी-कोथिंबिरीला आच्छादनाच्या भानगडीत पडू नका, दाट पेरलेली पालेभाजी आपणच जमीन झाकते आणि तीस-चाळीस दिवसांत निघून जाते. गवार, घेवडा केलात तर बी उगवून चार-सहा इंच झाल्यावर अंथरा. काकडी, दोडक्याचे वेल जमिनीवर सोडणार असाल तर पाचटाचा बिछाना उत्तम, फळ मातीला टेकून सडत नाही. कोकणात कलिंगडाखाली भाताचा पेंढा घालतात तो त्यासाठीच. खुरपणी पूर्ण बंद होईल असं मात्र समजू नका. तीनदा बायका लावायच्या त्या जागी एकदा, आणि मग अधूनमधून फेरी मारत उपटत जायचं. ती फेरी तुमची एकटीची होते.

बाकी किरकोळ. पावसाळ्यात भारी जमिनीत जाड थर ठेवू नका, पाणी साचतं आणि गोगलगायी होतात. झाल्याच तर गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी वाफ्यांच्या कडेला टाका, सकाळी खाली गोळा झालेल्या उचलून मिठाच्या पाण्यात घाला. पाचटात हात घालण्याआधी काठीनं हलवा, खाली उंदीर आले की मागोमाग साप येतो. रानात विडी ओढणाऱ्याला पट्टीपासून लांब ठेवा. आणि उसात तणनाशक मारलेला पंप टोमॅटोला कधीच वापरू नका, कितीही धुतलेला असला तरी. टू-फोर-डी या तणनाशकाचा अंशसुद्धा टोमॅटोचं पान दोरीसारखं पिळून टाकतो.

पाचटाची सोय मात्र आत्ताच लावा. तुमचा स्वतःचा खोडवा, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटलेला ऊस, असेल तर त्याचं पाचट त्यालाच राहू द्या, तिथून ओढून भाजीला घातलं तर एका लेकराच्या तोंडचा घास दुसऱ्याला दिल्यासारखं होईल. तुम्हाला हवा आहे तो शेजारी, जो दर वर्षी फड पेटवतो. दिवाळीनंतर तोड सुरू झाली की फड मोकळा होतो आणि दोन-तीन दिवसांत काडी पडते. त्याला आजच सांगून ठेवा, की पाचट आम्ही उचलतो, बदल्यात हंगामभर वांगी घरपोच. तोडकरी टोळी शेवटची मोळी गाडीत टाकेल त्या दिवशी तुमचा ट्रॅक्टर बांधावर उभा पाहिजे.